तुळशीला २४० मेगाहर्ट्झ

घरातल्या तुळशीला आपोआप पाणी मिळावं, एवढ्या माफक इच्छेने एखादा माणूस विचारतो, "कोणता बोर्ड घेऊ?" आपण एक साधा प्रश्न विचारला, अशी त्या बिचाऱ्याची समजूत असते. हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या जमातीत, जिचा प्रस्तुत लेखक आजीव सभासद आहे, या प्रश्नाला उत्तर देण्याची पद्धत नाही. तक्ता देण्याची आहे. डावीकडे बोर्डांची नावं: आर्डुइनो उनो, नॅनो, नोडएमसीयू, ईएसपी३२, रास्पबेरी पाय पिको, ब्लू पिल. वर रकाने: वेग, मेमरी, पिना, किंमत. तक्ता पुरा होत आला की कोणीतरी म्हणतं, "ईएसपी३२ नुसता काय लिहिता? एस३ कुठंय? सी३? सी६?" मग तक्ता खाली वाढतो. दुसरा म्हणतो, "झोपेत करंट किती खातो तेही टाका." मग तो आडवा वाढतो. दरम्यान तुळस वाळलेली असते आणि ते कोणाच्या लक्षातही आलेलं नसतं, कारण मातीत सेन्सर नसतो. आणि सेन्सर नसतो, कारण बोर्ड ठरलेला नसतो. माझं म्हणणं असं की हा तक्ता बोर्ड निवडण्यासाठी केलेलाच नसतो, निवड लांबवण्यासाठी केलेला असतो. वर आणखी असंही म्हणणं आहे की बोर्ड घेतल्यावर माणसाला जे भोगावं लागतं, त्यातलं जवळजवळ काहीच त्या तक्त्यात नसतं. विधान जरा धाडसी आहे, म्हणून पुराव्यानिशी मांडतो.

सुरुवात वेगापासून करू, कारण तक्त्यातला पहिला रकाना तोच आणि सगळ्यात जास्त हमरीतुमरी त्याच्यावरच. उनोवरची एटीमेगा३२८पी ही चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके. उनो हळू आहे, म्हातारा आहे, आता कोण वापरतं तो, असं पिको आणि ईएसपीवाले एकमुखाने म्हणतात. ठीक. तुळशीला पाणी सकाळ-संध्याकाळ घालायचं असतं. दोन वेळांमध्ये १२ तास धरले, तर तेवढ्यात म्हाताऱ्याचे ठोके होतात ६९ हजार १२० कोटी. एवढ्या अवधीत त्याने एकच गोष्ट ठरवायची: माती ओली की कोरडी. ईएसपी३२ चा प्रत्येक कोर २४० मेगाहर्ट्झपर्यंत धावतो आणि कोर दोन आहेत. म्हणजे त्याच १२ तासांत २० लाख कोटींच्या वर ठोके. हा आकडा दिल्लीतल्या अर्थसंकल्पात शोभला असता; इथे तो तुळशीच्या वाट्याला आला आहे. आणि तुळस तरी पुढची पायरी झाली. बोर्ड घरी आल्यावर आपण पहिल्यांदा जे करतो, आणि सांख्यिकी न मांडता सांगतो की पुष्कळदा शेवटचंही तेच असतं, ते म्हणजे एलईडी लुकलुकवणं. एलईडी लुकलुकवायला ५५५ नावाची आठ पायांची चिप १९७२ पासून बाजारात आहे. तिला दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर दिला की ती काम करते. प्रोग्रॅम लागत नाही, केबल लागत नाही, तक्ताही लागत नाही. बहुधा म्हणूनच तिच्यात कोणाला रस उरलेला नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो: "आज नाही लागणार हो, पण उद्या लागेल." या उद्यावर जगभरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पेठा चालतात. मेमरीच्या रकान्यात तर या उद्याला ऊत येतो. उनोत २ केबी रॅम, पिकोत २६४, ईएसपी३२ मध्ये ५२०. आता १९६९ साली अपोलो ११ चंद्रावर उतरलं, तेव्हा यानातल्या संगणकाकडे पुसून पुन्हा लिहिता येईल अशी मेमरी २०४८ शब्दांची होती, म्हणजे आजच्या हिशेबात साधारण ४ केबी. उनोवाल्याने चंद्राचा नाद सोडावा हे मान्य. त्याच्याकडे निम्मीच आहे. पण पिकोवाल्याकडे चंद्राला पुरली त्याच्या ६६ पट आहे आणि त्याला जायचं आहे गॅलरीत. अशा घरातली आई स्वयंपाकघरातून विचारते, "अरे, तांब्याने घातलं तर नाही का चालणार?" त्यावर "आई, तांब्याला वायफाय नसतं" असं जे उत्तर मिळतं, ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. त्यावर आई काही बोलत नाही. तांब्या घेते आणि गॅलरीत जाते.

न्यायाची गोष्ट म्हणून तक्त्याच्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर ही वकिली एकतर्फी होईल. वायफाय हवं असेल तर उनो, नॅनो, साधा पिको हे तिथेच बाद होतात. एवढं तक्ता चोख सांगतो. मेमरीचंही अगदीच सोंग नाही. १२८ बाय ६४ ठिपक्यांचा तो चिमुकला ओलेड पडदा उनोला जोडला, की पडद्याचं चित्र साठवायलाच नेहमीची लायब्ररी १०२४ बाइट घेते. म्हणजे घरात पाहुणा आला आणि दोनातली एक खोली त्यालाच गेली. आणि एक रकाना तर सोन्याने लिहावा असा आहे: पिनांचा व्होल्टेज. उनो ५ व्होल्टवाला. ईएसपी आणि पिको ३.३ वाले. अंतर मोजणारा स्वस्त एचसी-एसआर०४ सेन्सर परतीचा इशारा ५ व्होल्टवर देतो. तो सरळ ३.३ च्या पिनेत खुपसला तर पिन कधी गप्प बसते, कधी कायमची गप्प बसते. बोर्ड वाचवणारा हा एकमेव आकडा. पण तक्त्यात तो कुठे असतो? उजवीकडे सरकत सरकत जावं तेव्हा, "बोर्डाचा रंग"च्या जरासा अलीकडे.

बाकी तक्ता म्हणजे बिल्डरचं माहितीपत्रक. त्यात क्लब हाउस असतं, जॉगिंग ट्रॅक असतो, पाणी किती वाजता येतं ते नसतं. ते वॉचमनला विचारावं लागतं. मायक्रोकंट्रोलरच्या दुनियेतल्या वॉचमनला विचारलं तर तो काय सांगेल? पिकोचं घ्या. २०२१ च्या जानेवारीत ४ डॉलरला आलेला, नेटका, देखणा बोर्ड. त्याच्या ४० पिनांची नावं छापली आहेत पोटावर. बर्ग स्ट्रिप सोल्डर करून बोर्ड ब्रेडबोर्डमध्ये खोचला, की पोट खाली जातं आणि नावंही खाली जातात. मग एक तर मोबाइलवर पिनांचं चित्र उघडून कोपऱ्यापासून "एक, दोन, तीन" असं बोटाने मोजायचं, नाहीतर बोर्ड उपटून बघायचा, लक्षात ठेवायचं, परत खोचायचा आणि विसरायचं. नोडएमसीयूवाले म्हणतील, आमच्याकडे नावं वर आहेत, ठळक आहेत. आहेत ना! डी१ असं छापलेली पिन चिपच्या लेखी पाचवी. डी२ म्हणजे चौथी. डी३ म्हणजे शून्यावी. डी४ म्हणजे दुसरी. प्रोग्रॅममध्ये १ लिहून डी१ ला वायर लावणारा माणूस संध्याकाळभर चांगली वायर बदलत बसतो. शिवाय त्या शून्याव्या पिनेची आणखी एक तऱ्हा: बोर्ड सुरू होताना ती खाली खेचली गेलेली असेल, तर चिपला वाटतं की आपल्याला नवा प्रोग्रॅम मिळणार आहे, आणि ती वाट बघत बसते. तुम्ही तिथे आवडीने बटण लावलेलं असतं. बटणावर बोट ठेवून वीज दिलीत, की बोर्ड तुमची वाट बघतो आणि तुम्ही बोर्डाची.

ईएसपी३२ चा ३८ पायांचा बोर्ड तर अंगाने एवढा रुंद, की ब्रेडबोर्डवर बसला की एका बाजूला भोकांची एक ओळ उरते आणि दुसऱ्या बाजूला तीही नाही. जंपर वायर लावायची कुठे? जाणकार सांगतात, "दोन ब्रेडबोर्ड शेजारी ठेवा आणि त्याला मधोमध बसवा." म्हणजे बस अर्धी या फलाटावर, अर्धी त्या फलाटावर. त्याच्या ३४ ते ३९ या क्रमांकांच्या पिना फक्त ऐकतात, बोलत नाहीत. तिथे रिले लावला तर तो जन्मात वाजायचा नाही. वायफाय चालू केलं की एडीसी२ नावाच्या गटातल्या पिना ॲनालॉग मोजमाप करेनाशा होतात. म्हणजे ज्या वायफायसाठी बोर्ड घेतला, ते सुरू झालं की ओलाव्याच्या सेन्सरचं कोणी ऐकत नाही. तक्त्यात मात्र "ॲनालॉग पिना: १८" असं दिमाखात छापलेलं असतं, आणि ते खोटंही नाही. वायफायवाल्या पिको डब्ल्यूची तर कमालच. साध्या पिकोवरचा एलईडी पंचविसाव्या पिनेवर. डब्ल्यूवर तोच एलईडी वायफायच्या चिपमागे नेऊन ठेवलाय. साध्या पिकोसाठी लिहिलेला लुकलुकवण्याचा प्रोग्रॅम डब्ल्यूवर चढवला, की प्रोग्रॅम बिनचूक चालतो आणि दिवा लागत नाही. पहिल्याच धड्याला एवढं वैराग्य शिकवणारा दुसरा बोर्ड नसेल.

"पण या किरकोळ खोडी झाल्या, आकडे शेवटी आकडेच असतात," असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ब्लू पिल आहे. तक्त्यावर तो पहिला यायला हवा. ७२ मेगाहर्ट्झ, २० केबी रॅम, ६४ केबी फ्लॅश. उनोला प्रत्येक रकान्यात मागे टाकणारा, आणि क्लोन उनोच्या पंगतीला बसेल इतका स्वस्त. तरीही नवशिक्याच्या हातात तो रडतो. प्रोग्रॅम चढवायला पिवळे जंपर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवायचे, चढवला की परत आणायचे, किंवा वेगळा प्रोग्रॅमर विकत घ्यायचा. यूएसबीच्या ओळीवर दीड किलोओहमचा रेझिस्टर हवा, तिथे कित्येक बोर्डांवर दहा किलोओहमचा बसवलेला. त्यामुळे एक संगणक त्याला ओळखतो आणि दुसरा ओळख दाखवत नाही. चिपवर नाव एसटीएमचं, पण आत भलतीच कोणी निघण्याचे प्रकार इतके झाले की खरी-खोटी ओळखायच्या क्लृप्त्या लोक एकमेकांना शिकवतात. कधी ६४ केबी म्हणून घेतलेल्या चिपमध्ये १२८ निघते. त्यावर तक्रार तरी कोणाकडे करायची? दुकानदाराला "जास्त दिलंत" म्हणून सांगायला कोणी जात नाही.

बॅटरीवाल्यांचा आक्षेप वजनदार असतो, कारण त्यांच्याकडे मायक्रोअँपिअर असतात. ते म्हणतात, ईएसपी३२ गाढ झोपेत १० मायक्रोअँपिअर घेतो, कंपनीनेच छापलंय. बरोबर आहे, पण ते चिपचं छापलंय. बोर्डावर चिपच्या शेजारी व्होल्टेज रेग्युलेटर असतो, यूएसबीची चिप असते आणि आपण जागे आहोत हे सांगणारा एक लाल दिवा असतो. चिप झोपली तरी ही मंडळी जागीच असतात आणि सगळी मिळून काही मिलिअँपिअर खातात, म्हणजे झोपलेल्याच्या शेकडो पट. उरलेला राग केबलवर काढावा. मोबाइल चार्जरबरोबर आलेल्या कित्येक केबलींत डेटाच्या तारा नसतात. तिने बोर्ड जोडला की लाल दिवा लागतो, म्हणजे सगळं ठीक दिसतं, आणि संगणक म्हणतो, काहीच जोडलेलं नाही. किती निरपराध बोर्ड या एका केबलीपायी "डेड" ठरून खणात गेले असतील! तक्त्यात केबलीचा रकाना कोणी पाहिलाय का?

किमतीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. बोर्डाच्या किमतीत दहा-वीस रुपयांचा फरक काढायला माणूस रात्र घालवतो आणि सकाळी पंप, रिले, नळी, अडॅप्टर आणि कुरिअर मिळून बोर्डाच्या दुप्पट देऊन मोकळा होतो. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गावर, "उनो आहे का?" विचारलं तर समोरून येणारा प्रश्न हा कोणत्याही तक्त्यापेक्षा नेमका असतो: "ओरिजिनल देऊ, का चालणारा?" हा क्लोनचा सवाल वाटतो तेवढा सोपा नाही. उनोचा आराखडा खुला आहे, तो कोणीही बनवावा. नाव मात्र खुलं नाही. आणि ओरिजिनल कोणता, यावर खुद्द मूळ मंडळींतच २०१५ साली कोर्टकचेरी झाली. एकाच नावाच्या दोन कंपन्या, दोन्ही म्हणणार आम्हीच आर्डुइनो. त्यातल्या एका गटाने अमेरिकेबाहेर "जेनुइनो" हे नाव घेतलं. पुढच्या वर्षी समेट झाला. तोवर ओरिजिनलचा हट्ट धरणाऱ्या गिऱ्हाइकाने काय मागायचं, हे लॅमिंग्टन रोडवरच्या शेठजींनाच सुचलं असतं.

मग उनो टिकला कशावर? सगळ्यात चांगला पुरावा त्याच्या अंगावरच आहे. उनोच्या काठावरच्या काळ्या पट्ट्या बघा. पिना एकमेकींपासून ०.१ इंचावर, शिस्तीत. पण ७ आणि ८ या पिनांच्या मधली फट ०.१६ इंच आहे. ना एका घराची, ना दोन घरांची. ही सुरुवातीच्या बोर्डाच्या आराखड्यातली चूक. तिच्यामुळे नेहमीचा झीरो बोर्ड वर नीट बसत नाही. चूक दुरुस्त करणं सोपं होतं. पण तोवर या फटीला बसतील अशा शील्ड नावाच्या पाट्या लोकांनी बनवून ठेवल्या होत्या. मग फट राहिली. क्लोनवाल्यांनी ती इमानेइतबारे उतरवली. २०२३ मध्ये उनो आर४ आला तो नव्या चिपसह, ४८ मेगाहर्ट्झ, ३२ केबी रॅम. आतलं सगळं बदललं, फट जिथल्या तिथे. तक्त्यात या फटीला शून्य गुण मिळाले असते. प्रत्यक्षात ती उनोच्या बळाची खूण आहे: एवढे लोक एवढ्या वर्षांत त्याच जागी, त्याच तऱ्हेने अडकले आहेत की तुम्ही अडकलात तर सोडवणारा कोणीतरी निघतोच. नोडएमसीयूवरचा ईएसपी८२६६ही असाच टिकला: २०१४ मध्ये आला तेव्हा त्याची माहितीपत्रकं चिनी भाषेत होती. लोकांनी ती भाषांतरं करकरून वाचली, एकमेकांना सांगितली, आणि चिप घरोघरी गेली. म्हणून माझा हिशेब साधा आहे: शेजारच्या बिल्डिंगमधला पोरगा जो बोर्ड वापरतो, तो घ्यावा. त्याने त्याच्या सगळ्या खोडी आधी भोगलेल्या असतात, आणि रात्री साडेदहाला "अरे, जरा बघतोस का?" म्हटलं तर तो चप्पल घालून येतो. याला शिस्तीत नाव देता येत नाही, मेगाहर्ट्झमध्ये मोजता येत नाही, म्हणून त्याचा रकाना नसतो.

"शेजारचा पोरगाच चुकीचा बोर्ड वापरत असेल तर?" असा एक कुत्सित प्रश्न राहतो. वापरू द्या. कारण तुळशीपुरतं बोलायचं तर घोडं बोर्डापाशी अडतच नाही. बाजारात मिळणारे निळे रिले बहुधा उलटे असतात, पिन खाली गेली की चालू होणारे. बोर्ड सुरू होताना पिनेचा मुक्काम कुठे असेल याचा नेम नाही, म्हणून वीज गेली आणि आली की पंप सुरू होतो. आपल्याकडे वीज किती वेळा जाते, हे जागेजागेवर आहे. आणि तो दोन पायांचा स्वस्त सेन्सर, जो मातीत खुपसायचा असतो! त्यातून सतत करंट गेला की ओल्या मातीत विद्युत्-अपघटन होतं आणि त्याचा एक पाय झिजू लागतो. आधी चकाकी जाते, मग तांब्याचा पट्टा हिरवा-काळा पडतो, मग कडा कुरतडल्यासारख्या होतात, आणि काही आठवड्यांत तिथे नुसती फायबरची पट्टी उरते. झिजलेला सेन्सर ओल्या मातीलाही कोरडी म्हणतो. पंप सुरूच राहतो. पाणी खालच्या मजल्यावर जातं. खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर येतात तेव्हा "तुमच्या बोर्डाला कोर किती?" असं विचारत नाहीत.

एवढं सगळं मान्य करूनही जमात तक्ता सोडणार नाही, आणि सोडायला लावण्यात अर्थही नाही. दिवाळी अंकात भविष्य वाचणारे सगळे थोडेच त्याप्रमाणे वागतात? शिवाय आता बनवणाऱ्यांनीच आपली बाजू घेतलेली दिसते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ५ डॉलरला पिको २ आला. त्याच्या आरपी२३५० चिपमध्ये दोन आर्मचे कोर आहेत आणि दोन रिस्क-फाइव्हचे. एका वेळी दोनच चालतात. कोणते, ते ज्याचं त्याने ठरवायचं. महिनोन् महिने तुलना करून माणसाने एकदाचा बोर्ड आणावा, बर्ग स्ट्रिप लावावी, केबल डेटाची आहे याची खात्री करावी, तर आता चिपच्या पोटातच तुलना घालून दिली आहे.

"मग यातले कोणते कोर वापरणार?"

"आधी दोन्ही चालवून बघतो. कोणते जलद आहेत ते मोजतो."

"कशावर मोजणार?"

"एलईडी लुकलुकवून."